काळाभोर ऊस, तरीही बेण्याला नापास का?



"साहेब, प्लॉट बघा की, ऊस कसा काळाभोर उभा आहे! अन् तुम्ही म्हणता बेण्याला चालणार नाही?" दर लागणीला गटात फिरताना आम्हांला हे ऐकावे लागते. बेणे म्हणून जाणारा ऊस गाळपाला घालायचा म्हटल्यावर सभासदाला राग येणारच. म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहोत.

गवताळ वाढीचा रोग बांधावरूनच ओळखू येतो. बेटात गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे दिसतात. (चुनखडीच्या रानात लोह कमी पडून येणारा केवडा निराळा; त्यात पानाच्या शिरा हिरव्या राहतात.) पण खोडवा खुंटण्याचा रोग, ज्याला रॅटून स्टंटिंग म्हणतात, तो असा तोंड दाखवीत नाही. कांडी आखूड पडते, ऊस बारीक होतो, खोडव्या-निडव्याला टनेज घसरते, एवढेच. दोष मात्र जातो पाण्याला, खताला, नाहीतर जातीला.

शास्त्रज्ञही यात चकले होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९४४-४५ च्या सुमारास हा रोग ध्यानात आला आणि पुढे बरीच वर्षे तो विषाणूचा समजला गेला. १९७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू सापडला. तो प्रयोगशाळेत वाढवायला १९८० साल उजाडले, इतका तो नाजूक! आज त्याचे नाव लिफसोनिया झायली. उसात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत तो ठाण मांडतो.

तयार उसाचा बुडखा उभा चिरला तर पेऱ्याजवळ नारिंगी-तांबडे ठिपके कधीकधी दिसतात. पण सगळ्या जातींत दिसत नाहीत. तेवढ्यावर बेणे पास-नापास करणे आम्हांला पटत नाही.

खात्रीची तपासणी पीसीआरची. अमेरिकेतील कॅरी म्युलिस यांनी १९८३ साली ही युक्ती काढली व १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले. बुडख्याकडच्या कांड्यांतला रस काढून त्यात डीएनएच्या छोट्या तुकड्यांची एक जोडी टाकतात. ही जोडी या जिवाणूच्याच डीएनएला चिकटते, उसाच्या नाही. मग यंत्रात ९५ अंशांच्या आसपास तापवायचे, गार करायचे, असे फेरे. दर फेऱ्याला तेवढा भाग दुप्पट होतो. एकाचे ३० फेऱ्यांत १०० कोटींवर जातात. जिवाणू नसेल तर वाढायला काहीच नसते. २०२० च्या कोरोनात नाकातला नमुना घेऊन करत ती तपासणी याच जातीची.

मात्र अहवाल 'नाही' आला म्हणजे त्या नमुन्यात नाही, एवढाच अर्थ. सगळ्या बेटांत रोग सारखा नसतो. म्हणून प्लॉटभर फिरून ऊस घ्यावे लागतात. आमचा माणूस आला की बांधाकडचे निवडक ऊस त्याच्या हातात देऊ नयेत!

या रोगावर फवारा नाही. बेणे ५० अंशांच्या पाण्यात २ तास ठेवतात. उष्णता वाढली तर डोळा मरतो, कमी पडली तर जिवाणू राहतो. तेव्हा घरच्या चुलाणावर हा प्रयोग नको. शिवाय असे शुद्ध केलेले बेणेही रोगट प्लॉटातल्या कोयत्याने तोडले तर पुन्हा बाधते. एका प्लॉटातून दुसऱ्यात जाताना कोयता धुऊन जंतुनाशकात बुडवावा. टोळीचा मुकादम कुरकुर करील, करू द्या.

बेणेमळ्याची नोंद करणाऱ्यांनी लागणीची तारीख गट कार्यालयात कळवावी. ऊस सात-आठ महिन्यांचा झाला की नमुन्याला आम्ही येऊ.