साध्या मजकुराच्या फायलीत कामांचा हिशेब

कामांची नोंद ठेवण्यासाठी बाजारात सॉफ्टवेअरची कमतरता नाही. तरीही अनेक प्रोग्रॅमर पुन्हा साध्या मजकुराच्या फायलीकडे वळले आहेत. निमित्त आहे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनीसाचे.

पद्धत मात्र जुनीच. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये ‘ऑर्ग मोड’ तयार केले. जिना त्रपानी यांचे ‘टूडू डॉट टीएक्सटी’ २००६ मधील. त्यात एक ओळ म्हणजे एक काम. कंसातील अक्षर प्राधान्य सांगते, अधिकच्या चिन्हाला जोडून प्रकल्पाचे नाव येते आणि काम संपले की ओळीच्या आरंभी ‘एक्स’ लागतो.

मदतनीसाला अशी फाईल सोयीची ठरते, कारण त्यामागील भाषा-प्रारूपाला कालचा संवाद आपणहून आठवत नाही. २०२५ मध्ये आलेल्या ‘क्लॉड कोड’सारखी साधने प्रकल्पाच्या फोल्डरमधील फायली वाचतात आणि त्यांत बदलही करतात. त्यामुळे आदल्या दिवशी काम कुठे थांबले, हे फाईलच सांगते.

धोकाही नेमका येथेच आहे. चाचणी न घेताच मदतनीस एखाद्या कामापुढे ‘झाले’ असे लिहून मोकळा होतो. यादी नव्याने लिहिताना एखादी ओळ गळते, ती वेगळीच. चाळीस कामांतले एक नाहीसे झाले, तर ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. येते ते ग्राहकाच्या, तेही काम सोपवण्याच्या दिवशी! म्हणून ही फाईल ‘गिट’मध्ये ठेवणे आवश्यक ठरते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेली ही प्रणाली कोणती ओळ आली आणि कोणती गेली, हे दाखवते. मदतनीसाने केवळ ‘तपासणीसाठी’ अशी खूण करावी, सोबत कोणती चाचणी घेतली ते लिहावे आणि ‘एक्स’ माणसानेच लावावा, हा नियम अधिक सुरक्षित. संपलेली कामे वेगळ्या फायलीत हलवावीत. लांबलेली यादी दर वेळी वाचण्यात खर्चही वाढतो आणि चुकाही.

मोठ्या चमूत एकाच ओळीवर दोघांचे बदल आदळतात. तेथे सामाईक सॉफ्टवेअरच बरे. शिवाय मदतनीस इंटरनेटवरून चालणारा असेल, तर फाईलमधील मजकूर त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. पासवर्ड तिच्यात नकोतच.

यादी मराठीत ठेवायची असल्यास ती युनिकोडमध्येच हवी. विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या मराठी फायली तो फॉन्ट नसेल तर माणसालाही वाचता येत नाहीत.