पिंगळा : रेषा आणि रंग

एकोणिसाव्या शतकातील पक्षिग्रंथांमधली हाताने रंगविलेली चित्रे पाहताना एक भेद सहसा ध्यानात येत नाही. चित्राची रेषा तांब्याच्या पत्र्यावर किंवा शिळेवर एकदाच सिद्ध होई व तिचे सर्व ठसे सारखे निघत. रंग मात्र, नमुना समोर ठेवून, प्रत्येक प्रतीवर कुंचल्याने निराळा भरावा लागे. साहजिकच एकाच चित्राच्या दोन प्रतींत तपकिरी छटा जुळेलच, असे नाही.

ठिपकेवाल्या पिंगळ्याचे शास्त्रीय नामकरण टेमिंक याने १८२१ साली केले, ते अशाच रंगीत चित्रांच्या एका फ्रेंच ग्रंथमालेत. या पक्ष्याच्या माथ्यावरील पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी चित्रात रेषेच्या स्वाधीन असते. पिसांची तपकिरी झाक कुंचल्याच्या. ‘पिंगळा’ हा शब्द संस्कृत ‘पिंगल’ या वर्णवाचकापासून आलेला. (पहाटे दारी येऊन शकुन सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यासही तो लागला.) म्हणजे मराठी नावाने पक्ष्याचे जे अंग उचलले, ते नेमके कुंचल्याच्या वाट्याचे होय.

खानदेशात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. ह्यूम याने १८७३ साली वर्णिलेला वनपिंगळा जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यास १८८० ते १८८४ या काळात येथेच मिळाला. पुढे ११३ वर्षे त्याचा खात्रीलायक आढळ नाही. संग्रहालयांतील अवघी सात कातडी एवढाच पुरावा. त्यातही मायनर्ट्झहागेन याने डेव्हिडसनचे एक कातडे चोरून त्यावर ‘मांडवी, १९१४’ अशी खोटी चिठ्ठी लावली. रासमुसेन व कॉलर यांनी १९९९ साली हे प्रसिद्ध केले. तत्पूर्वी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, रासमुसेन, किंग व ॲबट यांना हा पक्षी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ जिवंत आढळला होता.

वनपिंगळा ओळखावयाचा तो रंगावरून नव्हे. त्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छातीवर सलग गडद पट्टा, पोट खाली निर्भेळ पांढरे, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. सातपुड्यात, जळगावच्या यावल अभयारण्यातही, त्याची नोंद झाली आहे. पण तेथील रहिवाशांना “येथे पिंगळा आहे काय?” असे विचारल्यास होकार ठरलेलाच, शब्दात दोन्ही पक्षी मावतात. प्रश्न विचारावा तो माथ्यावरील ठिपक्यांचा, आणि भर दिवसा निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर तो उघडा बसतो काय, याचा.