रीलमध्ये दिसणारं मेकॅनिकल ब्रॉडहेड: वऱ्हाडात घ्यावं की नाही?

अमेरिकेतल्या शिकारीचे रील स्क्रोल करताना तुम्ही हे टोक पाहिलं असेल. बाण सुटतो तेव्हा टोक बारीक असतं आणि लागताक्षणी त्यातून दोन-तीन ब्लेड उघडतात. अमरावती-अकोल्याकडची पोरं मला विचारतात, "यातलं कोणतं घेऊ?" कोणी तिरंदाजी शिकत असतं, तर कोणी वावरातल्या रोह्यांना वैतागलेलं असतं. दोघांनाही माझं उत्तर एकच: कोणतंच नको. पण नुसतं "नको" म्हणून भागत नाही. हे टोक चालतं कसं, आपल्याकडे ते का नको आणि त्याऐवजी काय बघायचं, ते समजून घेऊ.

हे टोक काम कसं करतं?

शिकारीच्या धारदार टोकाला ब्रॉडहेड म्हणतात. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. फिक्स्ड प्रकारात ब्लेड कायम बाहेर असतात. हवेत ते छोट्या पंखांसारखे वागतात, त्यामुळे धनुष्याचं ट्युनिंग जरा बिघडलं तरी बाण भरकटतो. मेकॅनिकल प्रकारात ब्लेड मिटलेले असतात आणि रबराची रिंग किंवा प्लॅस्टिकची कॉलर त्यांना धरून ठेवते. म्हणून हा बाण साध्या टोकाच्या बाणासारखा सरळ जातो. तोटा असा की, ब्लेड उघडण्यातच बाणाची काही ऊर्जा खर्च होते. धनुष्य कमी ताकदीचं असेल तर बाण खोल जात नाही.

आता थोडं गणित. २५ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८० मीटर वेगाने गेला तर त्यात ८० जूल ऊर्जा असते. आपल्या विदर्भाच्या उमेश यादवने ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या चेंडूत साधारण १२० जूल असते! म्हणजे बाण धक्क्याने मारत नाही, तो कापतो आणि रक्तस्रावाने जनावर मरतं. नेम थोडा जरी चुकला तर जखमी जनावर पळतं आणि उभ्या तुरीत किंवा कपाशीत कुठेतरी तडफडत पडतं. रीलमध्ये हा भाग सहसा दाखवत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ९ शिकारीला बंदी घालतं. हा कायदा फक्त मेळघाट किंवा नरनाळ्याच्या जंगलापुरता नाही, तुमच्या स्वतःच्या वावरातही लागू आहे. आणि "लागलाच नाही ना बाण!" हा बचाव चालत नाही, कारण शिकारीच्या व्याख्येत प्रयत्नही येतो. काळवीट, बिबट्यासारख्या अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार केली किंवा अभयारण्यात शिकार केली, तर ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. जप्त झालेलं हत्यार आणि गाडीही सरकारजमा होऊ शकते. म्हणजे एका रीलच्या नादात करिअर गेलं समजा.

पिकाचं नुकसान खरं आहे, ते मी नाकारत नाही. रात्रभर जागल करूनही सकाळी हरभरा साफ झालेला दिसला की डोकं फिरणारच. पण पीक खाणाऱ्या जनावराबाबत परवानगी द्यायची असेल तर ती अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच मिळते. नुकसान दिसलं की मोबाईलवर फोटो काढा आणि लगेच वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

मग कोणतं टोक घ्यायचं?

तिरंदाजी खेळायची असेल तर ब्रॉडहेड तिथेही बाद आहे. जागतिक तिरंदाजीच्या नियमांनुसार बाणाची काडी जास्तीत जास्त ९.३ मिमी आणि टोक ९.४ मिमी जाड चालतं. शिवाय ब्लेडने सरावाचं टार्गेट फाटतं आणि बाण उपसताना हात कापायची भीती असते ती वेगळीच. म्हणून साधं टार्गेट टोक घ्या. घेताना चार गोष्टी बघा:

१. बसवायची पद्धत: आटे असलेलं टोक फिरवून बसतं, दुसरं गरम गोंदाने चिकटवतात. तुमच्या काडीत कोणतं बसतं ते आधी पाहा.

२. जाडी: टोक आणि काडी एकसारखी जाड हवीत. टोक मोठं असेल तर बाण उपसताना त्रास होतो.

३. वजन: ते ग्रेनमध्ये मोजतात. १०० ग्रेन म्हणजे सुमारे ६.५ ग्रॅम. सगळ्या बाणांची टोकं एकाच वजनाची ठेवा. शंका असेल तर सोनाराच्या डिजिटल काट्यावर तपासा.

४. तोल: टोकासकट बाण बोटावर तोलून बघा. समजा काडी नॉकच्या खाचेपासून २८ इंच आहे आणि तोल १७ इंचांवर साधतो. मध्य १४ वर आहे, म्हणजे तोल ३ इंच पुढे. ३ भागिले २८ म्हणजे सुमारे १०.७ टक्के. टार्गेटच्या बाणासाठी १० ते १५ टक्के साधारण ठीक मानतात. टोक जड केलं की तोल पुढे सरकतो, पण सुटताना काडीही जास्त वाकते. म्हणून वजन बदलण्याआधी कोचला विचारा.

एवढ्या बारकाईने खरंच फरक पडतो का? कंपाउंडमध्ये ५० मीटरवरचं १० गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं असतं. आपल्या अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने मे २०२५ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये कंपाउंडचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, ते १३९-१३८ असं. फक्त एका गुणाने! २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही येते आहे.

तेव्हा ब्रॉडहेड कार्टमध्ये टाकलं असेल तर काढून टाका. त्या पैशात एकाच वजनाच्या टार्गेट टोकांचा संच घ्या आणि जवळच्या मैदानावर कोचसमोर सराव सुरू करा.