जुनी पण स्पोर्टी गाडी घ्यायचीय? आधी महिन्याचा खर्च मांडा, मग मॉडेल बघा



धंदा जरा मार्गी लागला, महिन्याला चार पैसे सुटायला लागले की गाडीचा विषय निघतोच. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना नुसती जाण्या-येण्यापुरती गाडी नको असते. चालवताना मजा आली पाहिजे, कात्रज किंवा कसारा घाटात ती दमायला नको, ओव्हरटेक करताना धाकधूक नको. या हौसेत काहीही चूक नाही. नवीन गाडीत पैसे अडकवण्यापेक्षा आठ-दहा वर्षांची जुनी बघावी, हा विचारही शहाणपणाचा आहे. गाडीची किंमत सगळ्यात जास्त पहिल्या काही वर्षांत उतरते आणि तो फटका पहिल्या मालकाने खाल्लेला असतो.

गडबड होते ती पुढे. तीन-चार लाखांत बाजारात दोन प्रकारच्या गाड्या मिळतात. एक, जी नवी होती तेव्हाही सहा-सात लाखांची होती. दुसरी, जी नवी असताना पंधरा-वीस लाखांची होती आणि आज त्याच भावात उभी आहे. मन अर्थातच दुसरीकडे ओढतं. पण लक्षात घ्या, गाडीची विकायची किंमत उतरते, तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. वीस लाखांच्या गाडीचं सस्पेन्शन आजही वीस लाखांच्या गाडीचंच बिल देतं. म्हणून ती इतकी स्वस्त मिळतेय.

धंद्याच्या भाषेत सांगतो. खरेदीची किंमत म्हणजे भांडवल, ते एकदाच जातं. चालवायचा खर्च म्हणजे दुकानाच्या भाड्यासारखा, विक्री झाली काय न झाली काय, दर महिन्याला हजर. तुमचा धंदा बुडाला तर भांडवलामुळे क्वचितच बुडतो, महिन्याचा खर्च झेपला नाही म्हणून बुडतो. गाडीचंही तेच.

कागद-पेन घ्या

समजा महिन्याला हजार किलोमीटर चालणार. पेट्रोल लिटरला 105 रुपये धरू. लिटरला 16 देणारी गाडी महिन्याला साधारण 6,560 रुपयांचं पेट्रोल पिईल. 10 देणारी 10,500 रुपयांचं. फरक महिन्याला चार हजारांच्या जवळ, वर्षाला 47 हजारांच्या आसपास. नुकत्याच सुरू झालेल्या धंद्यात एवढ्या पैशात एखादा हंगामी माल भरता येतो.

आता विमा. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं आणि ते इंजिनाच्या सीसीवर असतात. 2022 मध्ये जाहीर झालेल्या दरांप्रमाणे खासगी कारला 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये आणि 1500 च्या वर गेलात की थेट 7,897 रुपये, वर जीएसटी वेगळा. घ्यायच्या दिवशीचा दर विमा एजंटकडून तपासून घ्या, पण पायऱ्या कुठे आहेत ते ध्यानात ठेवा. 1,497 सीसीची होंडा सिटी मधल्या पायरीत बसते. 1,596 सीसीची जुनी फोर्ड फिएस्टा फक्त शंभर सीसीने जास्त आहे, पण ती वरच्या पायरीत जाते. दरवर्षी.

टायर विसरू नका. 14-15 इंचांचे टायर कुठल्याही तालुक्याच्या गावात दुकानदाराकडे पडलेले असतात. 17 इंची लो-प्रोफाइल टायर मागवावा लागतो, महाग असतो आणि आपल्याकडच्या एका खड्ड्यात त्याला फुगा येतो. अलॉय वाकली तर ती वेगळीच.

आणि गाडी 15 वर्षांची होत आली असेल तर आरसी नूतनीकरण समोर उभं असतं. त्यासाठी फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि केंद्राचं नूतनीकरण शुल्क, जे 2022 पासून मोटारीला 5,000 रुपये झालं, आधी ते 600 होतं. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं. साडेचौदा वर्षांची गाडी 'स्वस्तात देतोय' असं कुणी म्हणालं तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा आणि भाव पाडा.

स्पोर्टी म्हणजे नक्की काय?

इथे बरेच लोक हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलतात. माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या रस्त्यावर मजा येते ती हलक्या वजनामुळे, चांगल्या गिअरमुळे आणि वळणावर विश्वास देणाऱ्या स्टिअरिंगमुळे. आपण काही रेस लावत नाही. आणि हलकी गाडी पेट्रोल, ब्रेक, क्लच, टायर, सगळंच कमी खाते. म्हणजे मजा आणि बचत यांचं भांडण इथे होत नाही.

म्हणूनच माझी पहिली शिफारस साधी वाटेल: मारुती स्विफ्ट पेट्रोल, मॅन्युअल. 2005 ची पहिली स्विफ्ट 1.3 लिटरची होती, 2010 मध्ये 1.2 लिटरचं के-सिरीज इंजिन आलं, 2011 मध्ये दुसरी पिढी आली. ताकद 85-87 पीएसच्या आसपास, पण वजन एका टनाच्या घरात. ही गाडी वळणावर हसवते. पार्ट पुण्याच्या नाना पेठेत मिळतात तसे सिन्नरला किंवा उदगीरलाही मिळतात, आणि मिस्त्री डोळे झाकून काम करतो. परत विकायला गेलात तरी गिऱ्हाईक दारात.

थोडी मोठी हवी, बँकेत किंवा क्लायंटकडे उतरताना रुबाबही हवा, तर 2008 च्या शेवटी आलेल्या पिढीची होंडा सिटी. 1.5 लिटरचं आय-व्हीटेक इंजिन, 118 पीएस, टर्बो नाही. आरपीएम वर नेलं की गाणं म्हणतं. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. फक्त खालून घासलेली नाही ना ते बघा, ही गाडी जरा खाली बसते.

टर्बोच पाहिजे? मग बलेनो आरएस बघा. 2017 ते 2020 अशी जेमतेम तीन वर्षं विकली गेली. 998 सीसी, 102 पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि विमा सगळ्यात खालच्या पायरीचा! मात्र याचं इंजिन साध्या बलेनोचं नाही, त्यामुळे इंजिनाच्या पार्टची किंमत आणि मिळण्याचा कालावधी सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून विचारा.

पोलो जीटी टीएसआयचं नाव घेतल्याशिवाय हा विषय संपतच नाही. आपल्या चाकणलाच बनायची. 2013 ची पहिली जीटी टीएसआय 1.2 लिटर, 105 पीएस आणि सात गिअरचा ड्राय-क्लच डीएसजी ऑटोमॅटिक. चालवायला अफलातून. पण त्या गिअरबॉक्सचा क्लच किंवा मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं, आणि आपल्या शहरांतल्या गिअर-बदल, थांब, परत चाल अशा ट्रॅफिकमध्ये तो क्लच तापतो. पोलोच घ्यायची असेल तर 2020 नंतरची 999 सीसीची 1.0 टीएसआय मॅन्युअल शोधा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुण्याजवळ रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो, 2015 ची, 1.4 लिटर टर्बो, 145 पीएस, ही तर दिलाची गोष्ट. पण फियाटने भारतात गाड्या विकणं केव्हाच बंद केलंय. एका बंपरसाठी तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर तुमचं चालेल का? घरात दुसरी गाडी असेल तर घ्या. कामाची एकमेव गाडी म्हणून नको. ऑक्टेव्हिया व्हीआरएस, लॉरा आरएस या 1.8 लिटरच्या गाड्यांनाही मी हेच सांगेन.

'गाडी आधी' नाही, 'पार्टवाला आधी'

गाडी बघायला जायच्या आधी तुमच्या भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा. पाच गोष्टींचे भाव आणि मिळायला लागणारे दिवस लिहून घ्या: क्लच सेट, चारही शॉकअप, पुढचे ब्रेक डिस्क-पॅड, एक हेडलाइट, एक टायर. मग आपल्या गॅरेजवाल्याला विचारा, "दादा, ही गाडी तुमच्याकडे येते का?" तो जर म्हणाला, "येते, पण मी हात लावत नाही," तर विषय तिथेच संपला. या अर्ध्या तासाच्या कामाला एक रुपया लागत नाही.

प्रत्यक्ष बघताना

सकाळी जा, आणि आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनाचा आवाज आणि धूर तुमच्यापासून लपवलाय असं समजा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ साय दिसली तर पाणी आणि ऑइल एकत्र होत असण्याची शक्यता आहे, उठा.

स्पोर्टी गाडीत एक जादा प्रश्न असतो: आधीच्या मालकाने तिला किती छळलंय? मोठा सायलेन्सर, खाली बसवलेल्या स्प्रिंगा, रिमॅप केलेला ईसीयू. विक्रेता हे 'जादा फिटिंग' म्हणून भाव वाढवून सांगेल. तुम्ही त्याचा भाव कमी करा. कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय मोठे बदल करणं कायद्याला चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीला नाही म्हणायला ते आयतं कारण मिळतं. साधी, कुणी हात न लावलेली गाडी शोधा, भले ती एखाद्या निवृत्त बँक मॅनेजरची का असेना. उलट तीच घ्या!

हजार-दीड हजारात ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर मिळतो, तो लावा. फॉल्ट एकही नाही पण रेडिनेस टेस्ट 'अपूर्ण' दाखवतोय, म्हणजे बहुतेक तुम्ही यायच्या आधी कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. गाडी 30 हजार किलोमीटर चाललीय म्हणतात आणि टायरचा तिसरा सेट आहे, मग हसून चहा प्या आणि निघा.

पुराच्या गाड्यांबद्दल खास सांगतो. 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, 2021 चा चिपळूणचा पूर, अशा वेळी पाण्याखाली गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला मातीची रेघ दिसते. स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, सीटखालच्या नट-बोल्टला गंज आहे का बघा. काचा बंद करून पाच मिनिटं बसा, कुबट वास येतो का ते कळेल.

पंपावर आता ई-20 पेट्रोल मिळतं आणि 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. म्हणून फ्युएलचे रबरी पाइप आणि सील मिस्त्रीकडून तपासून घ्या, मायलेज थोडं कमी धरूनच हिशेब करा.

पैसे कसे मांडायचे

चार लाख हातात असतील तर सव्वातीनची गाडी बघा. उरलेले 75 हजार वेगळ्या खात्यात. त्यातून घेतल्या-घेतल्या सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, बॅटरी, गरज असेल तर टायर. पुढे दर महिन्याला तीन हजार त्याच खात्यात टाकत राहा. धंद्याच्या चालू खात्यातून गाडीचं बिल भरायची सवय लागली की माल घ्यायचे पैसे कधी शॉकअपमध्ये गेले ते कळतही नाही.

टॅक्सचं थोडक्यात: धंद्याच्या नावावर कार घेतली तरी सर्वसाधारण व्यापाऱ्याला तिच्यावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. घसारा 15 टक्के मिळतो, तोही धंद्यासाठी वापर जितका तितकाच. आणि तुम्ही प्रिझम्प्टिव्ह योजनेत रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा दाखवताच येत नाही. म्हणजे 'टॅक्स वाचतो म्हणून जरा मोठी घेतो' हे गणित आधी सीएसमोर ठेवा. पांढऱ्या नंबरप्लेटवर भाडं मारणं तर अजिबात नको.

दिल्लीच्या नंबरची गाडी फार स्वस्त दिसली तर थांबा. तिथे जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर वयाचे निर्बंध आल्यामुळे त्या बाहेर विकल्या जातात. इथे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवीन नोंदणी हे सगळं तुमच्या माथी असतं.

व्यवहाराच्या दिवशी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28. परिवहनच्या साइटवर थकीत ई-चलन बघा, तिथल्या तिथे भरायला लावा. विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तुमचा प्रीमियम वाढेल हे धरून चला. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, कारण त्या मिनिटाच्या आधीचं चलन त्यांचं आणि नंतरचं तुमचं. आणि पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. वीस-पंचवीस हजार आरसीवर तुमचं नाव चढल्यावर द्यायचे, असं आधीच बोलून, लिहून ठेवा.