काट्यावर न उतरणारी चरबी



ज्याचा जन्म हमालांच्या संघटनेत गेला त्याने आरोग्याच्या विषयावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. मी वैद्य नाही. शाळा सातवीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. परंतु काट्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. काटा बहुधा खोटे बोलत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेवढे तो देतो. पोते किती किलोचे, हे तो सांगेल. त्यात तांदूळ किती, कोंडा किती आणि ओल किती, हे सांगणे त्याचे काम नव्हे. माणसाच्या देहाचीही गोष्ट अशीच आहे, आणि हे न कळल्यामुळे कित्येक बायकांवर जन्मभर अन्याय होतो. त्या अन्यायाविषयी मला आज बोलावयाचे आहे.

वजन कमी करा, हा सल्ला आज ज्याला त्याला मिळतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो योग्यही असतो. पण एक आजार असा आहे की ज्यात हा सल्ला पाळूनही पायांवरची चरबी हटत नाही. त्याचे नाव लिपोडिमा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या दोन डॉक्टरांनी १९४० साली त्याचे वर्णन प्रथम केले. पुढे १९५१ साली त्याच रुग्णालयातून ११९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. म्हणजे माहिती नवी नाही. तरीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत त्याला स्वतंत्र नोंद मिळाली ती अकराव्या आवृत्तीत, आणि ती आवृत्ती अमलात आली २०२२ साली! ऐंशी वर्षे हा आजार बिनानावाचा हिंडत होता म्हणा ना.

हा आजार जवळजवळ केवळ स्त्रियांनाच होतो. न्हाण येण्याच्या सुमारास, बाळंतपणात किंवा पाळी जाण्याच्या वयात तो डोके वर काढतो. पुष्कळदा आई, मावशी, आत्या यांचेही पाय तसेच असतात. कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांवर सारखी चरबी चढते. काहींच्या दंडांवरही चढते. पाऊल मात्र जसेच्या तसे राहते. घोट्याशी जिथे पैंजण बसते तिथे चरबी एकदम थांबते, जणू कोणी वर दोरी आवळून बांधली आहे. या चरबीला दाबले की दुखते. खाटेचा कोपरा जरा लागला की काळानिळा डाग उठतो. संध्याकाळी पाय शिशासारखे जड होतात. कंबर बारीक, चेहरा लहान आणि पाय दुसऱ्याच कोणाचे असावेत, असे शरीर दिसते.

आपल्याकडे अशा पायांना लोक दोन नावे ठेवतात: एक ‘सूज’ आणि दुसरे ‘हत्तीपाय’. दोन्ही चुकीची आहेत. हत्तीपाय हा डासांवाटे शिरणाऱ्या जंतांचा रोग. त्यात लसिकेच्या, म्हणजे रक्ताखेरीज अंगात फिरणाऱ्या पांढुरक्या पाण्याच्या, वाटा तुंबतात. ती सूज बहुधा एका पायावर जास्त असते आणि पाऊलही सुजते. मूत्रपिंड किंवा हृदय बिघडल्याने येणाऱ्या सुजेवर बोट दाबले तर खळगा पडतो आणि काही वेळ तसाच राहतो. लिपोडिमात निदान आरंभी तरी असा खळगा राहत नाही. तो ओळखण्यासाठी रक्ताची एखादी तपासणी किंवा निर्णायक चित्र नाही; डॉक्टरने पाय उघडा करून पाहावा, हाताने चाचपावा आणि बाईचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढाच मार्ग आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके हेच सर्वांत दुर्मिळ असते.

आता अशी बाई वजन उतरवावयास निघते तेव्हा काय होते ते पाहा. ती रात्रीचे जेवण सोडते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सारे उपवास धरते. चेहरा उतरतो, गळ्याची हाडे दिसू लागतात, कंबर आणखी बारीक होते; पाय मात्र फारसे हलत नाहीत. शरीराच्या इतर भागांतली चरबी जितक्या सहजपणे वितळते तितकी ही वितळत नाही. असे का, याची सारी कारणे शास्त्राला अजून उमगलेली नाहीत. स्त्रीदेहातील अंतःस्राव आणि आनुवंशिकता यांचा संबंध असावा, असे मानतात. पण घरात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते: ‘चोरून खात असेल.’ सासू म्हणते, नवरा म्हणतो. आणि काही दिवसांनी ती स्वतःच आपल्याला दोष देऊ लागते. कारखान्यात उत्पादन घटले की यंत्राची तपासणी न करता कामगाराला आळशी ठरविण्याची रीत मी पुष्कळ पाहिली आहे. ही रीत तिचीच बहीण. बरे, उपाशी राहण्याचे नुकसान वेगळेच: चरबीऐवजी स्नायू झिजतात, रक्त कमी होते, आणि ज्या पायांना आधाराची गरज त्यांचीच शक्ती जाते.

येथे आपल्या पुण्यातील एका संशोधनाची हकिकत सांगितली पाहिजे, कारण काट्याचा अपुरेपणा दुसऱ्या टोकाने कसा दिसतो हे तिच्यावरून कळते. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो आकडा डॉक्टर वापरतात, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा, त्याचे सूत्र बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने १८३०च्या दशकात मांडले. त्याला समाजाची सरासरी काढावयाची होती, रोग्याचे निदान नव्हे. २००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी एकमेकांशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले. दोघांचाही हा आकडा २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांची पाहणी केली, तीतही हेच दिसले. तेथील बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, पण वजनाने एवढी कमी असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. घटले होते ते मांस.

याचा लिपोडिमाशी संबंध असा. चरबी सारी एक नव्हे. पोटात, आतड्यांभोवती साठणारी चरबी मधुमेहाला आणि हृदयविकाराला वाट करून देते. मांड्यांवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी असते. म्हणून काटकुळ्या हातापायांचा, पोट सुटलेला गृहस्थ काट्यावर निर्दोष सुटतो आणि जाड पायांची बाई दोषी ठरते. वस्तुतः साखरेचा धोका त्या गृहस्थालाच अधिक असू शकतो. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरविलेली मर्यादा सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे: कंबरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपलीकडे जाऊ नये.

मग लिपोडिमा असलेल्या बाईने वजनाकडे पाहूच नये काय? असे मी म्हणत नाही. या आजारावर सामान्य लठ्ठपणा चढला की गुडघे लवकर जातात, चालणे कमी होते, लसिकेचा निचरा तुंबतो आणि मग खरीच सूज येते. तेव्हा वजन आटोक्यात ठेवावयाचे ते या कारणांसाठी. पाय बारीक होतील या आशेवर नव्हे. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, हा भातखाचरांचा मुलूख. आंबेमोहोर आणि इंद्रायणी आपण सोडणार नाही, आणि सोडूही नये. पण ताटातला भाताचा डोंगर थोडा उतरवून तेथे डाळ, उसळ, पालेभाजी, अंडे, मासळी वाढता येते. डोंगरउतारावरची नाचणी आणि वरई आपल्या आज्यांनी टाकली नव्हती. चहातली साखर आणि पाकिटातला फरसाण यांची वकिली मात्र मी करणार नाही.

दुसरी गोष्ट हालचालीची. चालावे; आणि सोय असेल तर पाण्यात चालावे. पाणी पायांना चोहोबाजूंनी सारखे दाबते आणि देहाचा भारही उचलून धरते. आपल्या भागात भाटघरापासून पानशेतपर्यंत धरणांचे एवढे पाणी अडविले आहे, पण बाईमाणसाने निर्धोकपणे उतरावे असा घाट किंवा तलाव शोधून काढावा लागतो! धरणाच्या पाण्यात उतरा असे मी मुळीच सांगत नाही. ते खोल आणि दगाबाज असते. पाण्याच्या दाबाचे काम काही अंशी घट्ट विणीचे दाबमोजे करतात. ते पायाचे माप घेऊन आणि डॉक्टरला विचारून घ्यावेत, कारण पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर त्यांनी अपाय होतो.

तिसरी गोष्ट आमच्या प्रांतातली. भोरहून शिरवळच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या मुलींपैकी कित्येकींना सबंध पाळी उभ्याने काढावी लागते. उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला बसण्याची सोय हवी, ही तरतूद १९४८च्या कारखाना कायद्याच्या ४४व्या कलमातच होती. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या नोकरांनाही बसण्याचा हक्क दिला. दुखऱ्या, जड पायांच्या बाईला तासातासाने पाच मिनिटे बसावयास मिळणे, हे तिचे अर्धे औषध आहे. ते मागण्यात लाज कसली?

शस्त्रक्रियेने ही चरबी शोषून काढतात. तिने दुखणे कमी होते, असा पुष्कळ रुग्णांचा अनुभव आहे. मात्र ती खर्चिक असते, आणि अनुभवी शल्यवैद्यानेच करावयाची असते. जर्मनीत २०२० पासून गंभीर अवस्थेतील रुग्णांचा हा खर्च आरोग्य विमा उचलू लागला, आणि २०२५ साली सर्व अवस्थांसाठी तसा निर्णय झाला. तो काही आपोआप झाला नाही. तेथील रुग्ण स्त्रियांनी त्यासाठी वर्षानुवर्षे तगादा लावला होता. आपल्याकडे संघटित होण्याआधी निदान आजाराचे नाव तरी घरोघर कळले पाहिजे.

ज्या बहिणींना आपली स्थिती या वर्णनाशी जुळते असे वाटेल त्यांनी दवाखान्यात जाऊन ‘वजन वाढले आहे’ एवढेच सांगू नये. दोन्ही पाय सारखे वाढले आहेत, पाऊल वाढलेले नाही, दाबले की दुखते, डाग पडतात, आईचेही असेच होते, असे एकेक करून सांगावे आणि ‘हा लिपोडिमा असेल काय?’ असे सरळ विचारावे. थायरॉईड, मूत्रपिंड आणि हृदय यांची तपासणी करून घ्यावी. घरी रोज काट्यावर चढण्याऐवजी शिंप्याची फीत घेऊन महिन्यातून एकदा, सकाळीच, घोट्याच्या वर, पोटरीला, मांडीला आणि कंबरेला माप घ्यावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. दुखणे किती, न थांबता किती चालता आले, हेही त्याच वहीत लिहावे. मात्र दोन्ही पाय सारखे असणे ही या आजाराची खूण आहे. एकच पाय एकाएकी सुजला, लाल किंवा गरम झाला, अथवा धाप लागू लागली, तर वही आणि फीत बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.