दगड तोच, पूड झाली की वेगळा

मझौलीत मुलांना पूड म्हणजे काय हे शिकवायचं असलं, की मी पुस्तक बाजूला ठेवून भेडाघाटहून आणलेला दगडाचा तुकडा काढते. तिथले कारागीर ज्या मऊ दगडाच्या मूर्ती कोरतात तो, शंखजिरं. त्यातलं मुख्य खनिज टाल्क. कठीणपणाच्या मोहस मापावर त्याचा क्रमांक १, आपल्या नखाचा साधारण अडीच. म्हणून नखाने खरवडलं तरी बोटावर पांढरी, गुळगुळीत भुकटी येते. अंगाला लावायची टाल्कम पावडर याच खनिजाची, बारीक दळलेली. ‘मॅडम, आपण दगड लावतो अंगाला?’ असं कुणीतरी विचारतंच, आणि मला तो प्रश्न फार आवडतो.

हो, दगडच. हळकुंड कुटलं की हळद, गहू दळले की कणीक. वस्तू बदलत नाही. मग दळायचा खटाटोप कशाला? फळ्यावर हिशेब मांडायचा. १ सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १ मिलिमीटरचे तुकडे केले तर ते होतात १०००, आणि पृष्ठभाग ६०. आणखी दहापट बारीक केले, तर कण १० लाख आणि पृष्ठभाग ६००! पाण्याला, हवेला, उष्णतेला भिडणारी जागा शंभरपट झाली. म्हणून खडीसाखरेच्या कितीतरी आधी पिठीसाखर विरघळते.

पेटण्याचंही तसंच. पोत्यातलं पीठ सहजी जळत नाही, पण हवेत दाट उडालेल्या पिठाला ठिणगी लागली तर भडका उडतो. १८७८ साली अमेरिकेत मिनिआपोलिसची एक प्रचंड गिरणी अशीच स्फोटात उडाली आणि १८ माणसं गेली. पीठ चाळायला बसावं ते चुलीपासून लांब, हे मी मुलांना बजावून सांगते. आणि तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ पावडरचा डबा झटकू नये, हे त्यांच्या आयांना. ती भुकटी श्वासाबरोबर छातीत जाते.

वर्गात सगळ्यात रंगतो तो रव्या-मैद्याचा प्रयोग. कागदाच्या नरसाळ्यातून रवा सरसर खाली येतो, मैदा अडून बसतो. टिचकी मारली की ढेकळासारखा पडतो. रव्याचा कण जड, वजनानेच घसरतो. मैद्याचा कण इतका हलका, की शेजारच्या कणाची ओढ त्याच्या वजनाला भारी पडते. हवेतला ओलावा ती पकड आणखी घट्ट करतो, म्हणून पावसाळ्यात मिठाचे खडे होतात.

पिठलं करताना बेसनाच्या गुठळ्या होतात त्याही यामुळेच. एकदम पाणी ओतलं की गोळ्याचं बाहेरचं पीठ भिजून चिकट होतं आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचू देत नाही. आधी थोड्याच पाण्यात घट्टसर कालवायचं, चमच्याने कण सुटे करायचे, मगच बाकीचं पाणी घालायचं.