शोएबचं पुस्तक, कॅन्सेकोचं पुस्तक आणि आपण वाचलेली एकच ओळ

हा भाग गावाकडून, म्हणजे किन्हीराजाहून रेकॉर्ड केलाय. मधेच दोनदा लाईट गेली, त्यामुळे ऑडिओत जोड जाणवतील. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'काय ना' थोडे काढलेत.

विषय असा की एखादा खेळाडू निवृत्त होतो, पुस्तक लिहितो, त्यात सगळं ओकून टाकतो, आणि मग आपल्यापर्यंत त्यातलं नेमकं काय पोचतं?

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०११. शोएब अख्तरचं 'कॉन्ट्रोव्हर्शियली युअर्स' आलं. अन्शु डोगरा सहलेखिका, प्रकाशक हार्परकॉलिन्स. मी तेव्हा शाळेत होतो आणि पेपर वाचायचा तो शेवटच्या पानापासून. त्या आठवड्यात सगळीकडे एकच ओळ होती: सचिन मला घाबरायचा. २००६ च्या फैसलाबाद कसोटीचा दाखला देऊन शोएबनं ते लिहिलं होतं. झालं! चॅनेलवर २००३ च्या सेंच्युरियनचा तो पॉइंटवरचा सिक्स पुन्हापुन्हा. घाबरणारा माणूस असा मारतो का, वगैरे. (त्याच मॅचमध्ये सचिनला ९८ वर आउट कोणी केलं होतं? शोएबनंच. पण ती क्लिप कोण दाखवणार!) मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ठरलेला पुस्तकाचा कार्यक्रम रद्द झाला. मी सचिनचा अपमान केलेला नाही, असा खुलासा शोएबला करावा लागला.

पण त्याच पुस्तकात तो बॉलशी छेडछाड केल्याचं स्वतः कबूल करतो, आणि हे सगळीकडेच चालतं असंही म्हणतो. एक आंतरराष्ट्रीय फास्ट बॉलर सांगतोय की आमच्या धंद्यात फसवणूक रोजची आहे. खरी बातमी ही नव्हती का? ती छापून आली, नाही असं नाही. पण चौकात, पानटपरीवर आणि आमच्या वर्गात भांडण कशावर झालं? सचिनवर.

दुसरी गोष्ट तर आणखी मागे राहिली. ऑक्टोबर २००६ मध्ये, भारतात चॅम्पियन्स ट्रॉफी चालू असताना, शोएब आणि मोहम्मद आसिफ दोघांनाही पाकिस्तान बोर्डानं परत बोलावलं होतं. बोर्डानं स्वतःच घेतलेल्या चाचणीत नॅन्ड्रोलोन सापडलं. नॅन्ड्रोलोन म्हणजे सरळ सरळ स्टेरॉइड, स्नायू वाढवणारं. शोएबला दोन वर्षं, आसिफला एक वर्षं बंदी. मग डिसेंबरमध्ये अपील समितीनं दोन विरुद्ध एक मतानं बंदी उठवली. जागतिक संस्था वाडा क्रीडा लवादाकडे गेली, तर २००७ मध्ये लवाद म्हणाला की हे प्रकरण आमच्या अधिकारात बसत नाही. म्हणजे निकाल 'निर्दोष' असाही नाही आणि 'दोषी' असाही नाही, प्रकरण मधेच लटकलं. आसिफ पुढे २००८ च्या आयपीएलमध्ये त्याच औषधासाठी पुन्हा सापडला. अशा पार्श्वभूमीच्या माणसाचं पुस्तक येतं आणि आपण त्याला काय विचारतो, तर सचिन घाबरायचा की नाही!

आता अमेरिकेत जाऊ, कारण हा खेळ तिथं सहा वर्षं आधी झाला होता.

होजे कॅन्सेको. मूळचा क्युबाचा, बेसबॉलपटू. होम रन म्हणजे आपला सिक्सच समजा. याच्या नावावर असे ४६२. १९८८ मध्ये तो त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २००५ मध्ये त्याचं 'ज्यूस्ड' आलं. त्यात त्यानं स्वतः स्टेरॉइड घेतल्याचं तर लिहिलंच, पण मार्क मॅग्वायर, राफाएल पाल्मेरो, जेसन जियाम्बी अशी नावंही घेतली, आणि काहींना मीच इंजेक्शन दिलं असं लिहिलं. बाजारात येण्याआधीच न्यूयॉर्क डेली न्यूजनं त्यातला मजकूर फोडला, आदल्या दिवशी 'सिक्स्टी मिनिट्स'वर माइक वॉलेसनं मुलाखत घेतली.

प्रतिक्रिया काय? पैशासाठी लिहितोय. सूड उगवतोय. खोटारडा आहे. आता कॅन्सेको काही संत नव्हता. पैसा हवा होता, बेसबॉलवाल्यांनी आपल्याला बाहेर काढलं हा रागही होता. सगळं खरं. पण माणसाचा हेतू वाईट असला म्हणून त्याची माहिती खोटी ठरते का?

आमच्या कामात बग रिपोर्ट येतो. टाकणारा कधीकधी असा असतो की नाव बघूनच डोकं उठतं. तरी नियम काय? आधी त्यानं सांगितलेल्या पायऱ्या करून बघायच्या. बग दिसला तर दिसला. टाकणारा खडूस आहे म्हणून तिकीट बंद करत नाहीत. (करतात काही जण. पण महिन्याभरानं तोच बग ग्राहकाकडून येतो.)

कॅन्सेकोचं तेच झालं. १७ मार्च २००५ ला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सुनावणी. पाल्मेरोनं बोट रोखून, शपथेवर सांगितलं की मी कधीही स्टेरॉइड घेतलेलं नाही. १ ऑगस्टला त्याच्यावर बंदी जाहीर झाली, चाचणी पॉझिटिव्ह! मॅग्वायर सुनावणीत भूतकाळावर बोलायला तयारच नव्हता. जानेवारी २०१० मध्ये त्यानं कबूल केलं. डिसेंबर २००७ च्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावं आली. कॅन्सेकोचा शब्द न शब्द खरा ठरला असं मी म्हणत नाही, पण ज्याला विदूषक म्हणून हसले त्याचा मुख्य मुद्दा उभा राहिला.

आणि पत्रकारांना हे २००५ पर्यंत माहीत नव्हतं का? १९८८ मध्येच वॉशिंग्टन पोस्टच्या थॉमस बॉसवेलनं टीव्हीवर कॅन्सेको आणि स्टेरॉइड हे नाव जोडून सांगितलं होतं. ऑगस्ट १९९८ मध्ये मॅग्वायर विक्रमाच्या मागे असताना एपीच्या स्टीव्ह विल्स्टीनला त्याच्या लॉकरमध्ये एका औषधाची बाटली दिसली, अँड्रोस्टेनेडायोन. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती, दुकानात उघड मिळायचं. विल्स्टीननं बातमी दिली. राग कोणावर? विल्स्टीनवर! दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावतो कशाला, म्हणून. मॅग्वायरनं त्या वर्षी ७० होम रन मारले आणि देश नाचला.

याचं कारण मला फार साधं वाटतं. रोज त्याच ड्रेसिंग रूमबाहेर उभं राहून ज्याला बातमी आणायची आहे, तो तिथलं दार स्वतःवर बंद करून घेणार नाही. त्यात कागदावर पुरावा नाही, वरून अब्रुनुकसानीची भीती. म्हणून माहीत असलेली गोष्ट वर्षानुवर्षं खाजगीत राहते आणि शेवटी बोलतो तो ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. असा माणूस साहजिकच फार गोड नसतो.

कॅन्सेकोला एका गोष्टीवर मात्र घट्ट धरायला हवं होतं. त्याच्या पुस्तकात स्टेरॉइडची चक्क भलामण आहे, नीट वापरलं तर चांगलं, पुढे सगळेच वापरतील, अशा थाटात. नावांच्या गदारोळात याला व्हायला हवा तेवढा विरोध झाला नाही.

हे मला का टोचतं ते सांगतो. आमच्याकडे पहाटे पाचला रस्त्यानं पोरं पळताना दिसतात. पोलीस भरती. मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटर २०, शंभर मीटर १५, गोळाफेक १५. अर्ध्या गुणावर पोरगं मागे राहतं, आणि घरी सोयाबीनचा भाव काय मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. भरतीच्या दिवसांत मैदानाजवळ सिरिंज सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. मागच्या दिवाळीत एका पोरानं मला विचारलं, "दादा, ते इंजेक्शन घेतल्यानं खरंच होते का? गूगलवर पाहून सांगा ना."

तर पाहून सांगतो. नॅन्ड्रोलोनसारखी औषधं स्नायू बांधायला आठवडे घेतात, तेही जोडीला व्यायाम आणि खुराक असेल तर. चाचणीच्या सकाळी टोचून पाय वेगानं पळत नाहीत. त्या दिवशी जे टोचतात ते बहुधा दुसरंच काहीतरी असतं, आणि बाटलीवर जे लिहिलंय तेच आत आहे याची खात्री कोण देणार? स्टेरॉइड बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं. शुक्राणू घटतात, पुरुषाची छाती वाढू शकते, रक्तदाब आणि हृदयावर ताण येतो, गोळ्या असतील तर यकृतावरही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही विकायची नाहीत, तरी जिमच्या पोरांना ती कशी मिळतात, यावर कोणी महिनाभर मागे लागून बातमी करत नाही.

नरसिंग यादवच्या वेळीही तसंच. तीनदा महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ. रिओच्या तोंडावर मेथँडिएनोन सापडलं. त्याचं म्हणणं की जेवणात कोणीतरी मिसळलं. नाडानं १ ऑगस्ट २०१६ ला ते मान्य केलं, वाडानं अपील केलं आणि १८ ऑगस्टला लवादानं चार वर्षांची बंदी घातली. आपल्याकडे तो मुख्यतः सुशीलकुमार विरुद्ध नरसिंग आणि कटकारस्थान असाच रंगला. मेथँडिएनोन शरीरात किती दिवस राहतं, एकदाच खाल्लेलं आणि पुन्हापुन्हा घेतलेलं तपासणीत वेगळं कसं ओळखतात, हे समजावणारं फार थोडं वाचायला मिळालं. लवादाच्या निकालात हाच मुद्दा महत्त्वाचा होता.

म्हणून पुढचा भाग त्यावरच. नमुना घेतात कसा, ए आणि बी बाटली म्हणजे काय, आणि नॅन्ड्रोलोनसाठी लघवीत मिलिलिटरमागे दोन नॅनोग्रॅम ही मर्यादा का ठेवली. त्या पोरालाही ऐकवणार आहे. प्रश्न असतील तर खाली लिहा, रविवारी रेकॉर्डिंग आहे, लाईट राहिली तर.